दोन्हीकडून उघडा पूल

'निवेदन' या शब्दाचा मला वीट आलेला आहे. बीडच्या एका छोट्या दैनिकात मी उभी हयात बातम्या लिहिण्यात घालवली आणि त्यातल्या निम्म्या बातम्या 'अमुक संघटनेचे जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन' याच होत्या. सोबत फोटो. फोटोत एक कागद, आणि त्या कागदाला बोट तरी लागावं म्हणून धडपडणारी दहा-बारा माणसं. मागं राहिलेला एखादा टाचा उंचावून डोकं दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी अंकाच्या जास्तीच्या प्रती मागायला येतो. निवेदनाचं पुढं काय झालं, हे मला सहसा कुणी विचारलं नाही. विचारायची ती एकच बाई, नेकनूरच्या भामाबाई उजगरे.

नेकनूरच्या आठवडी बाजारात भामाबाईंचा कडब्याचा अड्डा होता. ज्वारी काढली की तिच्या वाळलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधतात, तो कडबा. आमच्याकडच्या जनावरांची वर्षभराची भाकरी ती हीच. भामाबाईंच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला आणि गावकीची कामं सोडली. त्यामुळं घरात कुणापुढं वाकायची सवय राहिली नव्हती, पैसाही नव्हता. लग्न होऊन नेकनूरला आल्यावर भामाबाई डोक्यावरून गवताचे भारे विकायच्या. पुढं नवऱ्यानं, निवृत्तीनं, जुना टेम्पो घेतला, त्याचा ट्रक झाला. निवृत्ती अगदी मोजकं बोलायचा. घरातलं उरलेलं सगळं बोलणं भामाबाईंच्या वाट्याला आलं होतं आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

आमच्याकडं पावसानं दगा दिला की मांजरा नदीपलीकडच्या जिल्ह्यातून कडबा आणायचा आणि इकडं विकायचा, हा त्यांचा धंदा. तोच धंदा करणारे आणखी काही जण होते. सगळ्यांनी मिळून असोसिएशन काढली. अध्यक्ष राधाकिशन, कारण बाजाराशेजारचं मैदान त्यांच्या मालकीचं होतं. चिटणीस भामाबाई, कारण साहेबांसमोर बाकीच्यांची बोबडी वळायची. राधाकिशन यांनी पाटी रंगवून आणली होती: 'चारा आयातदार व्यापारी असोसिएशन'. भामाबाईंनी ती परत पाठवली.

"व्यापारी म्हणलं की सायबाला आपलं पोट दिसतंय," त्या म्हणाल्या. "ढोराचं दिसू द्या."

पाटी पुन्हा रंगली: 'पशुपालक व चारापुरवठा हितसंघ'. मी त्यांना चिडवलं, "भामाबाई, नफा तुमचा आणि नाव ढोरांचं, हे बरं जमवलं."

"भाऊ, नफा घेत न्हाई असं म्या कुठं म्हणलं? लिवा की, भामाबाई नफा खाती म्हणून. पर ढोरच ऱ्हायलं न्हाई तर मला नफा कोन देनार?"

अशा माणसाची टर उडवण्यात मजा नसते.

मग आला तेरा सालचा उन्हाळा. आदल्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली होती, त्यामुळं कडबा निघालाच नव्हता. जागोजागी जनावरांच्या छावण्या पडल्या. आमच्या भागातली मोठी छावणी तालुक्याच्या दूध संघाची. संघाचे अध्यक्ष अर्जुनराव. बागायतदार, राजकारणात मुरलेले, पण कामाला वाघ. सकाळ-संध्याकाळ स्वतः छावणीत उभे असायचे. छावणीतली जनावरं जगत होती उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे ऊस तोडल्यावर उरणाऱ्या हिरव्या शेंड्यांवर. ही वाढं बाहेरचे लोक जास्त भाव देऊन नेऊ लागले, तसा अर्जुनरावांनी वरपर्यंत शब्द टाकला आणि हुकूम निघाला की चाऱ्याचं एकही वाहन जिल्ह्याबाहेर जाणार नाही. गावोगाव अर्जुनरावांचे फलक लागले. आठवडा गेला नसेल, नदीपलीकडच्या जिल्ह्यानंही तसाच हुकूम काढला. मांजरेच्या पुलावर दोन्ही टोकांना मांडव पडले आणि मांडवात पोलीस बसले.

निवृत्ती त्या वेळी कडब्याचा ट्रक भरून पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचला होता. तिथंच अडकला. माल सोडून यायला तो तयार होईना, म्हणून भामाबाई रोज सकाळी एसटीनं जायच्या, पूल पायी ओलांडायच्या आणि त्याला डबा देऊन परत यायच्या. माणसाला पुलावर बंदी नव्हती.

इकडं शेजारच्या मालनबाई रोज विचारायच्या, कडबा कधी येतो. मालनबाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला. छावणीत जनावर नेलं की मालकाला तिथंच मुक्काम टाकावा लागतो, ते त्यांना शक्य नव्हतं. दोन म्हशी होत्या. त्यांचं दूध अर्जुनरावांच्या संघाला जायचं आणि घर त्यावर चालायचं. म्हशींच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. "येत्या बाजारापस्तोर वाट बघते," मालनबाई म्हणाल्या. "मग इकते. डोळ्यांदेखत मरू देत न्हाई." अशी घरं गावात पुष्कळ होती, पण भामाबाईंच्या डोक्यात त्या दोन म्हशीच बसल्या.

असोसिएशननं काय करायचं, यावर राधाकिशन यांच्या मैदानात बैठक झाली. सगळ्यांचं एकमत होतं की पलीकडच्यांनी बंदी उठवावी, असं निवेदन द्यायचं. फोटोसाठी मला बोलावलंच होतं.

"आन आपली बंदी?" भामाबाईंनी विचारलं.

"आपली राहू दे की," राधाकिशन म्हणाले. "आपल्याला आणायचंय, धाडायचं थोडंच हाय?"

"आपुन कडी लावून बसायचं आन त्यायला म्हनायचं दार उघडा. त्ये कावून उघडतेल?"

कुणालाच ते पटलं नाही. खोटं कशाला सांगू, मलाही नाही. माणसं पाण्यासाठी वणवण करताहेत आणि ही बाई जिल्ह्यातला चारा बाहेर घालायला निघाली, असंच मला वाटलं. भामाबाई मात्र मालनबाईंना घेऊन थेट अर्जुनरावांकडं गेल्या. मी बातमीच्या वासानं मागोमाग. भामाबाईंच्या काखेत नेहमीप्रमाणं घडीचं लोखंडी स्टूल होतं. हे स्टूल जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्यांना माहीत होतं. शिष्टमंडळाला साहेब बहुधा उभंच ठेवतात. भामाबाई शांतपणे स्टूल उघडून समोर बसायच्या. "उभ्या मानसाला सायेब लौकर वाटंला लावतेत," असं त्यांचं म्हणणं. आईला आणि आजीला कुणाच्या ओट्यावर बसता आलं नव्हतं, हेही त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, आणि ते सांगताना त्या हसल्या नव्हत्या.

अर्जुनरावांसमोर स्टूल उघडून त्या म्हणाल्या, "अध्यक्षसायेब, ह्या मालनबाई. ह्यांचं दूध तुमच्या संघाला येतंय. निम्म्यावर आलंय. पल्याड कडबा पडून हाय, पर हिरवं न्हाई. आपल्याकडं वाढं हायेत, वाळलं न्हाई. तुमी वाढं जाऊ द्या, त्ये कडबा येऊ देतेत."

"आणि माझ्या छावणीतल्या जनावरांना काय घालू? भामाबाई, धंदा तुमचा आहे, जबाबदारी माझी आहे. जिल्ह्याचा चारा जिल्ह्यात राहणार."

"छावनीत आलेलं ढोर तुमचं, आन घरच्या दावनीचं कुनाचं?"

अर्जुनरावांनी चहा पाजला आणि विषय बदलला. भामाबाईंनी चहा पूर्ण प्यायला, स्टूल मिटलं आणि निघाल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चांगला मानूस हाय. चुकतोय."

त्यानंतर त्यांनी जे केलं, ते मी राजधानीतल्या मोठ्या संघटनांकडूनही पाहिलेलं नाही. दोन्ही जिल्ह्यांना एकाच वेळी सांगू शकेल असा अधिकारी औरंगाबादला बसतो, हे त्यांनी हुडकलं. त्या साहेबांचा शिपाई वडवणीकडचा निघाला. भामाबाईंनी त्याला फोन करून कामाचं अक्षर काढलं नाही. त्याच्या वडिलांच्या म्हशीची चौकशी केली. दुसऱ्या फोनलाही म्हैसच. तिसऱ्या वेळी त्यानं आपण होऊन सांगितलं की साहेब रविवारी अर्जुनरावांची छावणी बघायला येणार आहेत. रविवार हा नेकनूरचा बाजार. भामाबाईंनी फक्त वाटेवर थांबून चहा घ्यायची विनंती पाठवली, आणि साहेब हो म्हणाले. बेत साधा होता. साहेबांनी असोसिएशनचं ओकंबोकं मैदान बघावं, शेजारी विकायला उभी राहिलेली जनावरं बघावीत, म्हणजे बोलायची फारशी गरज पडणार नाही.

रविवारी सकाळी त्या डबा घेऊन पुलावर गेल्या. मी मैदानावर पोचलो आणि चाटच पडलो.

दारात हिरव्यागार उसाची कमान, पानांसकट. आत मांडव, खुर्च्यांवर पांढरी कापडं. आणि मधोमध कडब्याची गंजी, घराच्या माळवदाला लागेल एवढी उंच. मी राधाकिशन यांना बाजूला घेतलं. "हे काय? चारा नाही म्हणून सांगायचंय ना आज?"

"आवो, औरंगाबादचे सायेब येऊ लालेत," राधाकिशन दुखावून म्हणाले. "पाव्हन्याला मोकळं मैदान दाखवू का? कडब्यावाल्याची गंजी म्हंजे त्याची पत हाय. वडलांच्या काळापासून गंजी हालू दिली न्हाई आमी."

हे खरं होतं. आमच्याकडचा कडब्याचा व्यापारी घरात उपाशी राहील, पण मैदानातली गंजी खाली दिसू देणार नाही. गंजी बसली की गिऱ्हाईक दुसरीकडं वळलं, हे त्याच्या रक्तात भिनलेलं. सगळ्या सभासदांनी घरच्या जनावरांसमोरच्या उरल्यासुरल्या पेंढ्या उचलून आणल्या होत्या. तरी गंजी भरेना, म्हणून आत बाजा, रिकामे ड्रम आणि राधाकिशन यांची बंद पडलेली स्कूटर घालून वरून कडबा रचला होता. भामाबाईंना हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. चांगलं काम करतोय, अशीच सगळ्यांची समजूत.

भामाबाई एसटीतून उतरल्या आणि साहेबांची जीप आली, दोन्ही एकदमच. जीपमधून साहेबांसोबत अर्जुनरावही उतरले. भामाबाईंनी कमान बघितली, गंजी बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांना गप्प झालेलं तेव्हाच पाहिलं.

साहेब गंजीकडं बघून म्हणाले, "चारा तर भरपूर दिसतोय."

"मी तेच सांगत होतो, साहेब," अर्जुनराव म्हणाले.

कुणीतरी साहेबांना फेटा बांधायला घेतला. आता संपलं, असं मला वाटलं. शेजारच्या बाजारात मालनबाई दोन्ही म्हशी धरून गिऱ्हाइकाची वाट बघत उभ्या होत्या.

भामाबाई बाजाराच्या बाजूला गेल्या. मैदानाला लावलेला बांबू काढून फेकला. मालनबाईंच्या हातातला एका म्हशीचा कासरा घेतला, तिला गंजीपर्यंत आणलं आणि सोडून दिलं. मग वळून बाजाराला म्हणाल्या, "सोडा. समदी सोडा."

लोक आधी बघत राहिले. एक जण म्हणाला, "बाई, आमी पल्याडचे. नदीतून चालत बैल आणलेत." त्याचं नाव उत्तरेश्वर, हे आम्हाला नंतर कळलं.

"बैलाला काय ठावं पल्याड?" भामाबाई म्हणाल्या. "सोड."

मग जनावरं आली. त्यांना हाकावं लागलं नाही. बैल, गाई, म्हशी, वासरं, सगळी गंजीला भिडली. एक खोंड कमानीचा ऊस ओढू लागला आणि कमान आडवी झाली. मांडवात फक्त कडबा चावल्याचा आवाज येत होता. तो अजून माझ्या कानात आहे. साहेबांचा फेटा अर्धा बांधलेला, हातातला चहा तसाच. बघता बघता गंजीच्या आतून बाजेचा पाय दिसू लागला. मग ड्रम. मग स्कूटरचा आरसा, आणि शेवटी अख्खी स्कूटर. एक म्हातारी गाय तिच्या सीटवरचा पाला चाटत होती.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

राधाकिशन पुढं झाले. "सायेब, पाव्हन्याला मोकळं मैदान कसं दाखवावं?" एवढं म्हणता म्हणता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या घरच्या जनावरांचा चाराही त्यातच संपला होता.

साहेब खुर्चीवर टेकले. भामाबाईंनी समोर स्टूल उघडलं आणि अर्जुनरावांना सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. हिरवं इकडं आहे, वाळलं तिकडं आहे, मधे पूल आहे. साहेबांनी ऐकून घेतलं आणि चिमटा काढल्यासारखं विचारलं, "आधी बीडची बंदी उठवा, असं तुमची असोसिएशन लिहून देईल?"

"जिल्ह्याशी बेइमानी होईल ती," अर्जुनराव म्हणाले.

सभासद माना खाली घालून उभे. भामाबाईंनी राधाकिशन यांच्याकडं बघितलं. राधाकिशन यांनी स्कूटरकडं बघितलं आणि म्हणाले, "द्या लिहून."

मालनबाई त्या दिवशी म्हशी न विकता घरी घेऊन गेल्या.

दोन्हीकडच्या बंद्या उठल्या, त्या सकाळी मी पुलावर होतो. आधी निघाली ती आमची वाढं, ट्रकमागून ट्रक. बघायला जमलेली माणसं चिडली. "बाईनं जिल्हा इकला," कुणीतरी ओरडलं आणि एक ढेकूळ भामाबाईंच्या खांद्यावर येऊन फुटलं. त्यांनी पदर झटकला आणि तिथंच उभ्या राहिल्या. दुपार झाली तरी पलीकडून काही येईना. मीही मनातून हबकलो होतो. शेवटी पुलाच्या त्या टोकाला धूळ दिसली. कडबा रचून डुलत येणारा पहिला ट्रक निवृत्तीचा होता, आणि मागं रांग. निवृत्तीनं पुलाच्या मधोमध ब्रेक मारला, खिडकीतून मान काढली आणि विचारलं, "डबा आणलाव का?" भामाबाई तेव्हा रडल्या.

त्या पहिल्या ट्रकमधल्या पहिल्या पेंढ्या मालनबाईंच्या दारात उतरल्या. छावणीतही वाळला कडबा पोचला. अर्जुनरावांनी फलक उतरवले आणि कबूल काही केलं नाही, पण पुढं भामाबाई कुठं भेटल्या की ते आधी खुर्ची मागवायचे.

इथं थांबलो असतो तर ही एका जिंकलेल्या निवेदनाची गोष्ट झाली असती. पण मला भामाबाई खऱ्या कळल्या त्या पुढच्या चांगल्या सालात. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. दोन्हीकडं कडबाच कडबा. पलीकडं जास्तच पिकला होता, आणि तिकडचे लोक ट्रक भरून आमच्या बाजारात स्वस्त विकू लागले. आमच्या असोसिएशनच्या मैदानात खऱ्याखुऱ्या गंज्या, आणि गिऱ्हाईक नाही. बैठक बसली. राधाकिशन म्हणाले, बाहेरच्या कडब्याला बंदी मागू. अर्जुनरावही शब्द टाकायला तयार होते. साहेबांशी बोलायला अर्थातच भामाबाईंनी जायचं होतं.

"म्या जायची न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुमचाबी माल पडून हाय की, भामाबाई."

"लई पडून हाय. पर पूल आपल्याला पायजे तवाच उघडा, असं म्या सायबाला सांगितलं नव्हतं. कोन्या तोंडानं जाऊ?"

वाद झाला, आवाज चढले. त्याच बैठकीत चिटणीस बदलला. भामाबाईंनी स्टूल मिटून काखेत मारलं आणि त्या आपल्या अड्ड्यावर जाऊन बसल्या. नव्या चिटणिसानं निवेदन दिलं, फोटो निघाला, आणि पुढं काही झालं नाही.

त्याच आठवड्याच्या बाजारात मी भामाबाईंच्या अड्ड्यावर चहा पीत होतो. समोर एक ट्रक लागला. ट्रकवाला उत्तरेश्वर होता, तोच, पल्याडचा बैलवाला. त्याचा भाव भामाबाईंपेक्षा बराच कमी होता. आणि त्याच्याकडं भाव करत उभ्या होत्या मालनबाई. त्यांनी भामाबाईंना बघितलं आणि मान खाली घातली. आजूबाजूचे लोक काम टाकून बघू लागले. भामाबाई उठल्या. मला वाटलं, आता बोलणार, आणि बोलल्या असत्या तर चूक नव्हती.

त्या ट्रकपाशी गेल्या. मालनबाईंनी बाजूला काढलेली पेंढी उचलून बघितली, वास घेतला आणि उत्तरेश्वरला म्हणाल्या, "ही भिजलेली हाय. बाईला मधली दे, कोरडी." त्यानं मुकाट्यानं मधल्या पेंढ्या काढून दिल्या. भामाबाईंनी त्यांचा भारा स्वतः बांधला.

"भामाबाई, राग न्हाई ना?" मालनबाईंनी विचारलं.

"हाय की. जीव जळतोय माझा," भामाबाई म्हणाल्या. "पर त्यासाठीच उघडला की पूल. वाक जरा."

मालनबाई वाकल्या, आणि भामाबाईंनी दोन्ही हातांनी तो भारा उचलून त्यांच्या डोक्यावर नीट बसवला.